रूळ कोणत्या धातूचा? छोट्या आगगाडीवाल्यांचे प्रश्न

या वेळची बहुतेक पत्रं रुळांविषयी आहेत. पत्रलेखक टिळकवाडीपासून निपाणी-चिकोडीपर्यंतचे आहेत आणि तक्रारीचा सूर सगळ्यांचा सारखाच आहे: उन्हाळ्यात सुरळीत चाललेली गाडी आषाढात अडखळायला लागते. सारख्या पत्रांचा एकच प्रश्न करून उत्तरं देत आहोत.

एच.ओ. मापाची, म्हणजे खऱ्याच्या १:८७ प्रमाणातली गाडी घेतली आहे. आठ बाय चार फुटांच्या टेबलावर मांडायची आहे. रूळ तीन प्रकारचे मिळतात: स्टील, निकेल सिल्व्हर आणि एका दुकानात जुने पितळी. स्टील सर्वांत स्वस्त आहे. घरातल्या घरात वापरायचे तर धातूने एवढा काय फरक पडतो? – टिळकवाडी, बेळगाव

पडतो, आणि तो पहिल्याच श्रावणात दिसतो. निकेल सिल्व्हर घ्या.

नावात सिल्व्हर असलं तरी त्यात चांदी औषधालाही नसते. तांबं, निकेल आणि जस्त यांचा हा मिश्रधातू. तांबं साधारण ६५ टक्के, निकेल १२ ते १८ टक्के, उरलेलं जस्त. पितळात निकेल नसतं. तांबं आणि जस्त ७०-३० किंवा ६३-३७ अशा प्रमाणात असतात. स्टीलचे रूळ म्हणजे साधं पोलाद, त्यावर पातळ मुलामा असेल तर असेल.

आता एक गोष्ट, जी ऐकून बऱ्याच जणांना आश्चर्य वाटतं. नुसती वीज वाहण्यात निकेल सिल्व्हर या तिघांत सर्वांत कच्चं आहे. कोड १०० चा रूळ, म्हणजे २.५४ मिमी उंचीचा, घेतला तर त्याचा छेद साधारण २.५ चौरस मिमी भरतो. एक मीटर लांबीला त्याचा रोध पितळात सुमारे ०.०२५ ओहम येतो, पोलादात ०.०६ आणि निकेल सिल्व्हरमध्ये ०.१ च्या आसपास. म्हणजे पितळाच्या चौपट. तरीही जगभरचे रूळवाले पितळ सोडून निकेल सिल्व्हरकडे गेले, कारण अडचण रुळाच्या पोटात नसते, पाठीवर असते. चाक आणि रूळ जिथे टेकतात तो ठिपका टाचणीच्या टोकाएवढा. तिथे धातूवर कसली साय धरली आहे, यावर गाडीचं चालणं ठरतं.

पोलादाची साय म्हणजे गंज. तो फुगतो, पापुद्रे सुटतात, स्वतःच ओलावा धरून ठेवतो आणि खालचं पोलाद आणखी खातो. त्यातून वीज जवळजवळ जात नाही. पितळावर आधी तपकिरी आणि मग काळपट थर येतो. तो पोलादासारखा खात सुटत नाही, पण चिवट असतो आणि वीज अडवतो. निकेल सिल्व्हरवरही थर येतोच. तो सावकाश येतो, पातळ असतो आणि चाक त्याला पार करून जातं. ‘निकेल सिल्व्हरला काही होतच नाही’ हे विक्रेत्याचं वाक्य, ते सोडून द्या.

कोणी विचारेल, खरे रूळ तर पोलादाचेच असतात, ते कसे चालतात? त्यांच्या बाजू पाहा, कायम तांबूस असतात. डोकं तेवढं चकचकीत राहतं, कारण त्यावरून शंभर टनांच्या वरचं इंजिन दिवसातून कितीदा तरी जातं. तुमचं इंजिन पाव-अर्ध्या किलोचं आणि वीज १२ व्होल्टची. गंज चिरडायला वजन नाही आणि भेदायला दाबही नाही.

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर आहे आणि किनाऱ्यापासून मध्ये सह्याद्री आहे. त्यामुळे गोव्यासारखी खारी हवा इथे येत नाही. क्षार नसले की तांब्याचे मिश्रधातू बराच काळ टिकतात. त्रास आहे तो जून ते सप्टेंबरच्या दमटपणाचा. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की धूळ बसलेल्या पोलादावर गंज वेगाने धरतो, आणि इथे पावसाळ्यात ती आठवडेच्या आठवडे त्याच्या खूप वर असते. म्हणून कोकणातल्या माणसाला द्यावा तसा स्टेनलेसचा सल्ला तुम्हाला देत नाही. निकेल सिल्व्हर पुरतं.

एक सावधगिरी बाळगा. काही कंपन्या एकाच नावाने दोन्ही धातूंचे रूळ विकतात. बाखमन कंपनीच्या ई-झी ट्रॅकमध्ये काळ्या खडीवरचा रूळ पोलादाचा असतो आणि राखाडी खडीवरचा निकेल सिल्व्हरचा. खोक्यावरचं नाव वाचून घेऊ नका, खडीचा रंग पाहून घ्या.

रोध जास्त असल्याचा तोटा भरून काढणं सोपं आहे. टेबलाखालून १.५ चौरस मिमीची तांब्याची तार दुहेरी फिरवा आणि दर मीटरला तिचा फाटा रुळाला जोडा. तशी तार नसेल तर पाच मीटर दूर गेलेल्या गाडीसाठी वीज जाऊन-येऊन दहा मीटर रूळ ओलांडते. १ अँपिअरला तिथेच १ व्होल्ट खर्ची पडतो. सांधे खराब असतील तर त्याहून कितीतरी जास्त.

काकांच्या ट्रंकेत जुने रूळ सापडले. कशाचे आहेत ते कळत नाही. भांड्याच्या दुकानात दाखवले तर म्हणाले, ‘हे जर्मनचे’. म्हणजे नक्की काय? – निपाणी

इथे भाषेने घोळ केला आहे. आपल्याकडे ‘जर्मनचं पातेलं’ म्हणजे अल्युमिनियमचं. जर्मन सिल्व्हर म्हणजे मात्र निकेल सिल्व्हर. चीनमध्ये असा पांढरा धातू फार पूर्वीपासून होता. १८२०च्या दशकात जर्मनीत त्याची नक्कल जमली आणि हे नाव पडलं. दुकानदार खोटं बोलला नाही, पण दोन्हींपैकी कुठलं ‘जर्मन’ ते तुम्हालाच तपासावं लागेल.

आधी चुंबक लावा. चिकटला तर पोलाद, विषय संपला. नाही चिकटला तर रुळाच्या खालच्या बाजूला, जिथे चाक लागत नाही तिथे, बारीक कानस दोनदा ओढा. आतून पिवळा निघाला तर पितळ. वरून पांढरा आणि आतून पिवळा असेल तर निकेलचा मुलामा दिलेलं पितळ. आतपर्यंत पांढरा, त्यात किंचित पिवळसर झाक आणि हाताला जड लागला तर निकेल सिल्व्हर. हलका, मऊ, कानशीत चिकटून बसणारा असेल तर अल्युमिनियम. स्टेनलेसही बहुधा चुंबकाला दाद देत नाही, पण तो इतका कठीण असतो की कानस घसरते. शंका उरली तर राळेच्या फ्लक्सने सोल्डर लावून पाहा. पितळ आणि निकेल सिल्व्हर लगेच धरतात, स्टेनलेस आणि अल्युमिनियमवर सोल्डरची गोळी होऊन घरंगळते.

पोलाद निघालं तर वाईट वाटून घेऊ नका. ट्रायँग-हॉर्नबी या ब्रिटिश कंपनीच्या काही जुन्या इंजिनांत पोलादी रुळाला ओढून धरण्यासाठी चुंबक बसवलेले होते, म्हणजे चढावर चाकं घसरत नसत. ट्रंकेत तसं एखादं इंजिन असेल तर त्याची जोडी मोडू नका.

मंडळाच्या गणपतीच्या आराशीत गेल्या वर्षी छोटी रेल्वे केली होती, स्टीलच्या रुळांची. विसर्जनानंतर गोणपाटात गुंडाळून ठेवली. आता उघडली तर सगळं तांबडं. सुमारे साठ तुकडे आहेत. काही वाचेल का? – शहापूर, बेळगाव

सरळ आणि वळणाचे तुकडे बरेच वाचतील. पॉइंट, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे तुकडे, वाचणार नाहीत. त्यांच्या आतल्या पात्या आणि संपर्काच्या पट्ट्या पातळ असतात, गंज काढेपर्यंत धातूच उरत नाही. ते टाकून द्या.

गोणपाट ओलावा शोषतं आणि धरून ठेवतं, त्यामुळे ती गुंडाळी म्हणजे गंजाची भट्टीच झाली. शिवाय मांडवात खाली ओली माती, वरून ताडपत्रीतून ठिबकणारं पाणी आणि शेजारी धुपाचा तेलकट धूर. पोलादासाठी याहून वाईट जागा शोधून सापडणार नाही.

कामाचा क्रम असा ठेवा. प्रत्येक तुकड्याच्या टोकांचे फिशप्लेट, म्हणजे सांध्याच्या पत्र्याच्या टोप्या, पक्कडीने ओढून काढा आणि फेका. त्या पुन्हा वापरायच्या नाहीत. ४०० नंबरचा पाण्याचा पॉलिशपेपर, पण कोरडाच, लाकडी ठोकळ्याला गुंडाळून रुळाच्या फक्त डोक्यावर आणि आतल्या कडेवर फिरवा, मग ८०० आणि शेवटी १५०० नंबरचा. ओरखडा जितका खोल, तितकी पुढे घाण जास्त धरते, म्हणून शेवटचे दोन टप्पे गाळू नका. टोकाला, जिथे नवी टोपी बसणार, तिथे खालचा पायही घासा. मग रॉकेलमध्ये ओलं केलेलं फडकं फिरवा आणि कोरड्याने पुसा. पाणी लावायचं नाही. पाण्याने धुतलेला रूळ तासाभरात पुन्हा तांबूस दिसतो.

भांडी घासायची तारेची जाळी किंवा स्टील वूल मात्र कधीच वापरू नका. त्याचे केसासारखे तुकडे इंजिनातल्या मोटरचं चुंबक ओढून घेतं आणि मोटर आतून शॉर्ट होते. रुळाचे शंभर वाचवताना इंजिनाचे चार हजार जातात.

साठ तुकड्यांना दोन माणसांचा एक दिवस सहज लागेल. आमचं मत असं की या वर्षीची आरास त्यावर निभवा आणि पुढच्या वर्षी निकेल सिल्व्हरसाठी वर्गणीतून बाजूला काढा. घासल्यावर मुलामा निघून गेलेला असतो, आणि पुढचा गंज पहिल्यापेक्षा लवकर येतो.

माडीवर पितळी रुळांची मांडणी आहे. खाली गोठा. रूळ दर महिन्याला काळे पडतात हे समजू शकतो, पण फिशप्लेटना उभ्या चिरा पडून त्या सुटतात, हे का? धक्का लागत नाही, वजन नाही. – चिकोडी तालुका

कारण गोठ्यातच आहे. जनावरांच्या मुतातून अमोनिया सुटतो, तो वर चढतो. ज्या पितळात जस्त १५ टक्क्यांहून जास्त आहे आणि जे ताणाखाली आहे, त्याला अमोनिया आणि ओलावा एकत्र मिळाला की कणांच्या मधून चिरा जातात. रूळ स्वतः फारसा ताणाखाली नसतो. फिशप्लेट मात्र पत्रा वाकवून, दाबून केलेली असते आणि रुळावर आवळून बसवलेली असते. ताण तिच्यात कायमचा मुरलेला. म्हणून रूळ काळा होतो आणि फिशप्लेट चिरते.

या दोषाची जगाला ओळख झाली ती हिंदुस्थानातल्याच पावसाळ्यात. इंग्रजी फौजेची पितळी काडतुसं तबेल्यांजवळ साठवली जात आणि पावसाळ्यात त्यांच्या तोंडाशी तडे जात. इंग्रजीत त्याला मोसमाचाच तडा म्हणत आले आहेत. अमोनिया हे कारण १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी दाखवून दिलं.

उपाय दोन. गोठा हलवणं शक्य नसेल तर माडीच्या फळ्यांच्या फटी बुजवा आणि वरची हवा खिडकीच्या पंख्याने बाहेर काढा. दुसरा, फिशप्लेटवर वीज सोपवू नका. ती फक्त दोन रूळ सरळ रेषेत धरेल. वीज देण्यासाठी प्रत्येक सांध्यावर रुळाच्या बाहेरच्या बाजूला तांब्याच्या मऊ तारेचा छोटा पूल सोल्डर करा. तांब्याची ०.५ चौरस मिमीची बारीक अनेकपदरी तार, लांबी ३ सेंमी, मध्ये थोडी सैल. जस्त नसलेल्या तांब्याला या चिरांची भीती पितळापेक्षा खूपच कमी. रूळ बदलून निकेल सिल्व्हर केले तर त्रास कमी होईल, पण त्यातही जस्त आहे, तेव्हा गोठ्यावर तो पूल तरीही लागेलच.

आणि एक. पितळ उजळायला घरात चिंच-मीठ वापरतात. ताक कळकतं ते पितळातून सुटणाऱ्या तांब्यामुळे, हे आजीला ठाऊक होतं, म्हणून ती भांड्याला कल्हई लावून घ्यायची. रुळाला चिंच लावली की आंबट पाणी आणि मीठ फिशप्लेटच्या आत आणि स्लीपरच्या, म्हणजे रुळाखालच्या आडव्या पट्ट्यांच्या, खाली शिरतं. ते तिथून धुऊन निघत नाही. आठ दिवसांत हिरवा कळंक वर येतो.

सांधे सोल्डर करून घेतले, कल्हईवाल्याकडून. दोन महिने झकास चालले. आता प्रत्येक सांध्याभोवती हिरवी-पांढरी बुरशी आली आहे. – वडगाव, बेळगाव

ती बुरशी नाही, क्षार आहेत. कल्हईवाला नवसागर वापरतो, म्हणजे अमोनियम क्लोराइड. भांड्यासाठी ते योग्यच आहे. भट्टीच्या आचेवर बराचसा उडून जातो आणि भांडं नंतर धुतलं जातं. तुमच्या रुळाच्या स्लीपर प्लॅस्टिकच्या, म्हणून आच बेताची दिली गेली आणि नवसागर तिथेच राहिला. पावसाळी हवेतलं पाणी तो ओढून घेतो आणि तांबं-जस्त खातो. पत्रा झाळायला वापरतात त्या जस्त-आम्लाच्या फ्लक्सचंही हेच.

आत्ता करायचं ते असं. कोमट पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घाला, जुन्या दातांच्या ब्रशने प्रत्येक सांधा घासा, मग दोनदा साध्या, शक्यतो बॅटरीत घालायच्या पाण्याने पुसा. हेअर ड्रायरने मंद वाळवा. वाळल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा. हिरवं पुन्हा आलं तर तो सांधा उकलून नव्याने करण्याला पर्याय नाही.

पुढच्या वेळी स्वतः करा, अवघड नाही. ४० ते ६० वॉटची सोल्डरिंग आयर्न, ६०-४० कथील-शिशाची राळ भरलेली तार. रुळाची बाजू कानशीने चमकेपर्यंत घासा. रुळावर आणि तारेवर वेगवेगळी कथलाची साय धरवा. दोन्ही बाजूंच्या स्लीपरवर ओल्या कापसाचे बोळे ठेवा. मग तार रुळाला टेकवून आयर्न दोन-तीन सेकंदच. जास्त वेळ लागतोय असं वाटलं तर समजा, घासण्यात कसर राहिली आहे. जोर लावून धरून ठेवलं तर स्लीपर वितळून रुळांमधलं अंतर बिघडतं.

सगळे सांधे मात्र झाळू नका. निकेल सिल्व्हर तापून फार वाढत नाही. तीन मीटरला १५ अंशांच्या फरकात पाऊण मिमी एवढंच. पण खालचं लाकूड दमटपणाने फुगतं आणि ते रूळ वाकवतं. दर मीटरला अर्ध्या मिमीचा एक सांधा मोकळा ठेवा, त्याला तांब्याचा सैल पूल द्या. प्लाय मरीन दर्जाचा, आणि रंग वरून, खालून आणि चारी कडांना. कडा सोडल्या की पाणी तिथूनच आत जातं.

सांधा खराब आहे की रूळ, हे ओळखायचं कसं? मल्टीमीटर सगळीकडे शून्य दाखवतो. – संकेश्वर

मल्टीमीटरचा ओहमचा काटा इतका बारीक रोध मोजू शकत नाही. भार देऊन मोजा. एका टोकाला १२ व्होल्ट द्या, दुसऱ्या टोकाला दोन रुळांच्या मध्ये मोटारीचा १२ व्होल्ट १० वॉटचा दिवा लावा. त्यातून साधारण ०.८ अँपिअर वाहील. मीटर २०० मिलिव्होल्टवर ठेवून एक टोक सांध्याच्या अलीकडे, दुसरं पलीकडे, दोन्ही रुळावरच टेकवा. १०-२० मिलिव्होल्टला सांधा चांगला. ५०च्या वर संशयित. १००च्या वर गेला की तो दुरुस्त केल्याशिवाय पुढे जाऊ नका. दहा मिनिटांत सगळी मांडणी तपासून होते आणि बहुतेक वेळा कळतं की रूळ निर्दोष होते, आपण उगाच घासत बसलो होतो.

जांबोटी रस्त्यावर घराच्या अंगणात ४५ मिमी गेजची (दोन रुळांमधलं अंतर ४५ मिमी) मोठी गाडी फिरवायची आहे. पाऊस तुम्हाला माहीत आहेच. पितळ, अल्युमिनियम की स्टेनलेस? – खानापूर तालुका

आधी ठरवा, वीज रुळातून द्यायची की बॅटरी गाडीत ठेवायची. सगळं उत्तर त्यावर फिरतं.

रुळातून द्यायची तर जाड पितळ घ्या. बागेतल्या गाड्यांसाठी कोड ३३२ चे, म्हणजे ८.४ मिमी उंचीचे पितळी रूळ हीच जुनी रूढी आहे, एलजीबी कंपनीचे रूळ याच प्रकारचे. छेद एवढा मोठा की रोधाचा प्रश्नच उरत नाही. इंजिन काही किलोंचं असतं, ते थर थोडाफार खरवडतंही. पण खानापूरच्या पश्चिमेला पावसाळ्यात रोज चालवायच्या आधी रूळ पुसावेच लागतील. सांध्याला साध्या टोप्या नकोत, स्क्रूने आवळायचे पितळी क्लँप घ्या. त्यांच्या आत वाहक ग्रीस थोडं लावा. स्टेनलेसची पाठ स्वच्छ राहते, मात्र त्याचा रोध पितळाच्या दहापटीहून जास्त आणि सोल्डर राळेने धरत नाही. फाटे स्क्रूनेच द्यावे लागतात.

बॅटरीवर चालवायची तर अल्युमिनियम घेतलं तरी चालेल, स्वस्त पडतं. बेळगाव अल्युमिनियमच्या कारखान्याचं गाव, तरी रुळाच्या आकाराचा सळा स्थानिक बाजारात आयता मिळेल असं धरून चालू नका. त्यावरचा ऑक्साइडचा थर वीज अडवतो, पण बॅटरीला त्याच्याशी देणंघेणं नाही. एक पथ्य: अल्युमिनियमच्या रुळाला पितळी क्लँप किंवा पितळी स्क्रू लावू नका. दोन वेगळे धातू आणि मध्ये पावसाचं पाणी, की झिजतं ते अल्युमिनियम. सांध्याजवळ पांढरा चुरा दिसू लागेल आणि तीन-चार पावसाळ्यांत भोक पडेल. जोड अल्युमिनियमचाच, स्क्रू स्टेनलेसचा. स्क्रू आकाराने लहान असतो, म्हणून ते चालून जातं.

उन्हात पितळ दहा मीटरला ३० अंशांच्या फरकाने सुमारे ६ मिमी वाढतं. रूळ जमिनीला खिळू नका, खडीत तरंगू द्या. मळीसारख्या काळ्या मातीवर टाकू नका, खाली ४ इंच बारीक खडी हवी, पाणी निघून गेलं पाहिजे.

मिरज-लोंढा मार्ग मीटर गेजचा होता तेव्हाचा देखावा करतो आहे. खडी म्हणून जांभ्याचा चुरा घालावा का? आणि कोणत्या कोडचा रूळ शोभेल? – लोंढा

मीटर गेज १:८७ मापात ११.५ मिमी होतो, त्यासाठी १२ मिमीचे एच.ओ.एम. रूळ मिळतात. दर यार्ड लांबीला ६० पौंड वजनाचा खरा रूळ साडेचार इंच उंच, म्हणजे मापात १.३ मिमी. कोड ५५ चा रूळ १.४ मिमीचा, तो शोभेल. कोड १०० लावलात तर मापाने तो सव्वादोनशे मिमी उंच रुळाएवढा दिसेल, आजच्या ब्रॉडगेजवरही एवढा रूळ नाही. मात्र कोड ५५ चा छेद कोड १०० च्या निम्म्याहून कमी असतो, त्यामुळे रोध दुप्पट-अडीचपट. फाटे दर अर्ध्या मीटरला द्या.

जांभ्याचा चुरा रंगाने तुमच्या भागाला शोभतो. पण त्यात लोह भरपूर. चुरा वाळवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं जोरदार चुंबक त्यात फिरवा. काही चिकटलं तर तेवढं काढून टाका आणि काही चिकटेनासं होईपर्यंत फिरवत राहा, नाहीतर ते मोटरमध्ये जातं. खडी चिकटवायला पांढऱ्या फेव्हिकॉलचा एक भाग, पाणी तीन भाग, दोन थेंब भांड्याचा साबण. हा गोंद किंचित आम्लधर्मी असतो, म्हणून रुळाच्या डोक्यावरचा लगेच पुसा आणि पावसाळ्यात हे काम करू नका. ओला गोंद चार-चार दिवस वाळत नाही आणि रुळाच्या पायाशी हिरवी रेघ येते. सिलिकॉन सीलंट वापरत असाल तर व्हिनेगरसारखा वास येणारा नको, तो तांब्याच्या मिश्रधातूंना खातो. ‘न्यूट्रल’ लिहिलेला घ्या.

निकेल सिल्व्हरचे रूळ असूनही काळा चिकट थर येतो. घर उद्यमबाग औद्योगिक वसाहतीच्या जवळ आहे. – बेळगाव

तो थर बहुतांशी गंज नसतो. चाकाखाली उडणाऱ्या बारीक ठिणग्यांनी झालेला ऑक्साइड, प्लॅस्टिकच्या चाकांची झीज, तेल आणि धूळ यांचा तो लेप असतो. तुमच्याकडे त्यात फाउंड्रीची लोखंडी धूळ मिसळते. ती रुळावर पडली की स्वतः गंजते, आणि रूळच गंजला असा भास होतो. कोळशाच्या धुरातलं गंधक निकेल सिल्व्हरलाही काळं करतं.

प्लॅस्टिकची चाकं बदलून धातूची घाला, निम्मा त्रास तिथेच जाईल. पुसण्यासाठी हात धुवायचं सॅनिटायझर नको, त्यातलं ग्लिसरीन चिकट राहतं. आधी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मग मिनरल टर्पेंटाइनच्या दोन-तीन थेंबांचं फडकं फिरवा, रंगवलेल्या प्लॅस्टिकला न लागू देता. त्यानंतर स्टेनलेसचा वॉशर बोटात धरून रुळाच्या डोक्यावर दाबून सात-आठ वेळा ओढा. ओरखडे मिटतात आणि घाण धरायला जागा राहत नाही. सर्वात शेवटी ६बी पेन्सिल आतल्या कडेवर एकदाच, हलकी. चढावर पेन्सिल लावू नका, चाकं घसरतील. खोलीत देवघर असेल तर उदबत्ती-धूप लावताना मांडणीवर जुनी सुती चादर टाका.

पावसाळाभर रूळ काढून ठेवायचे आहेत. कसे ठेवू? – हुक्केरी

उन्हाळ्यातल्या कोरड्या दिवशीच बंद करा, पाऊस सुरू झाल्यावर नव्हे. झाकणाला रबराची कड असलेला प्लॅस्टिकचा डबा, आत सिलिका जेलची २०० ग्रॅमची कापडी पिशवी. रंग बदलणारी जेल असेल तर रंग फिरला की कढईत मंद आचेवर परतून पुन्हा वापरता येते. ती कढई पुन्हा स्वयंपाकाला घ्यायची नाही. रूळ वर्तमानपत्रात नको, ते ओलावा धरतं. पॉलिथिनच्या पिशव्यांत दहा-दहाचे जुडगे सुती दोऱ्याने बांधा. रबर बँड लावू नका. रबरात गंधक असतं आणि जिथे बँड होता तिथे प्रत्येक रुळावर काळा पट्टा उमटतो.